बनतंय तर जातं कुठं?

अण्णा, आमच्या औषधाचा निकाल लागला. चांगला लागला. तुम्ही असतात तर मी एवढंच बोलून थांबले असते आणि बाकीचं तुम्ही एकेक प्रश्न विचारून काढून घेतलं असतं, कारण मला सलग बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. आता तसं विचारणारं कोणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे. आज गुरुवार आहे. तळवड्याची आमची लॅब गुरुवारी चालू असते, पण मी रजा टाकली. खालच्या गल्लीतली वर्कशॉपं गुरुवारच्या सुट्टीमुळे बंद आहेत, त्यामुळे चिखलीत एरवी कधी ऐकू येत नाही एवढी शांतता आहे. आई आत मेथी निवडते आहे आणि मधूनमधून विचारते आहे की ऑफिसचं काम करतेस का. मी तिला हो म्हणून सांगितलं आहे.

मला पहिल्यांदा आठवतं ते सायकलचं. मी शाळेत होते आणि रोज सकाळी नाक्यावरच्या दुकानात मागच्या चाकात हवा भरून घ्यायचे. एके दिवशी तुम्ही नाइट शिफ्ट करून परत येत होतात आणि मला तिथे पाहिलंत. "रोज भरायलीस?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, रोज कमी होते. तुम्ही तिथेच चिडलात. "कमी होती, मग कामून कमी होती ते बघायचं का रोज भरत बसायचं? सासरी गेल्यावरबी असंच करशील, भांडं गळायलंय अन् ही पाणी ओतायली." दुकानदार हसला, मला फार लाज वाटली. घरी येऊन तुम्ही जेवायच्या आधी ट्यूब काढलीत, परातीतल्या पाण्यात फिरवलीत, एकही बुडबुडा आला नाही. मग व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावलात आणि त्यात एक बारीक फुगा वर आला. ट्यूबला छिद्र नव्हतंच. तुम्ही मला बोटाने तो फुगा दाखवलात आणि तुमचा राग एकदम गेला. तो फुगा सापडल्यावर तुमचा चेहरा जसा झाला, तसा मी नंतर बऱ्याचदा पाहिला, पण त्याला काय म्हणायचं ते मला कळत नव्हतं.

तुमचं कामच ते होतं. चाकणच्या त्या कंपनीत कॉम्प्रेसर रूम तुमच्याकडे होती. अख्खा प्लांट दाबलेल्या हवेवर चालतो हे तुम्ही आम्हाला जेवताना इतक्या वेळा सांगितलं होतं की आई पुढचं वाक्य आधीच म्हणायची. नट आवळायच्या गनला हवा लागते, पार्ट उचलणाऱ्या हाताला हवा लागते, रंगाच्या फवाऱ्याला हवा लागते, आणि लाइनवर प्रेशर पडलं की सगळे कॉम्प्रेसर रूमकडे बघतात. साहेब लोक म्हणायचे नवीन कॉम्प्रेसर मागवू. तुम्ही म्हणायचात, थांबा जरा. आणि गुरुवारी, सगळ्या एमआयडीसीला सुट्टी असताना, प्लांट गप्प असताना, तुम्ही बादलीत साबणाचं पाणी आणि एक इंची रंगाचा ब्रश घेऊन पाइपलाइनच्या कडेकडेने फिरायचात. जिथे फेस फुगेल तिथे खूण म्हणून चिंधी बांधायची, म्हणजे शुक्रवारी फिटरला जागा सापडते. कंपनीने दिलेल्या लाल पट्ट्या संपल्या तेव्हा तुम्ही आईची एक लाल साडी फाडून नेलीत. आई महिनाभर बोलत होती. "माझ्या साडीत आता यांची कंपनी नटायलीय," असं ती शेजारणीला सांगायची. तुमची सुट्टी अशी जायची यावर तिचा राग होता आणि तो खरा होता. आम्ही तुमच्याबरोबर गुरुवारी कधी कुठे गेलो नाही.

खंडेनवमीला मात्र आम्ही तुमच्या कंपनीत यायचो. त्या दिवशी घरच्यांसाठी गेट उघडं असायचं, मशीनना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, प्रत्येक लाइनसमोर रांगोळी, आणि बायका-पोरं पेढे खात आपापल्या माणसाचं मशीन बघत फिरायची. बाकीच्यांचे वडील मशीन दाखवायचे. तुम्ही मला एका खांबापाशी उभं केलंत आणि म्हणालात, "ऐक." मला काही ऐकू येईना. "नीट ऐक. वर." मग आला, अगदी बारीक, ओठ मिटून श्वास सोडावा तसा आवाज. तुमच्या शिफ्टचे सुपरवायझर पेढ्यांचा बॉक्स घेऊन मागे उभे होते. ते म्हणाले, "राव, आज सणाचं तरी सोडा की. पोरीला पण कामाला लावलं काय?" तुम्ही म्हणालात, "तिलाच ऐकू आलं, बघा. तुम्हाला आलं का?" त्यांनी तुमच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "मला फक्त वहिनींचा आवाज ऐकू यायलाय, त्या बोलवायल्यात तुम्हाला."

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तुम्ही स्वतःच सांगायचात, आणि तुमच्या सगळ्या गोष्टींत मला ती जास्त उपयोगी पडली. पूजेच्या वेळी कॉम्प्रेसर रूममधून थोड्या थोड्या वेळाने फुस्स असा आवाज येत होता. गुरुजी मंत्र म्हणताना दोनदा थांबले. कोणीतरी तुम्हाला म्हणालं, तेवढं बंद करा, पाहुणे आलेत. दाबलेल्या हवेत पाणी साठतं आणि ते टाकायला टाकीच्या खाली एक व्हॉल्व्ह असतो, तो आपोआप उघडतो आणि मिटतो. आवाज त्याचा होता. तुम्ही तो बंद केलात, पूजा छान झाली, आरतीच्या आणि प्रसादाच्या गडबडीत तो परत उघडायचा राहिला. दसऱ्यानंतर लाइन चालू झाली आणि पेंट शॉपमध्ये हवेबरोबर पाणी आलं. नव्या रंगावर देवी आल्यासारखे फोड. तुम्हाला साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. तुम्ही घरी येऊन हे हसत सांगितलंत. "बाकी वर्षभर मी गळती शोधत फिरतो," तुम्ही म्हणालात, "अन् बंद केली ती नेमकी गळती नव्हतीच." आईने तेव्हा विचारलं होतं, मग कळायचं कसं कुठली गळती आणि कुठली नाही? तुम्ही म्हणालात, "हळूहळू बंद करायचं. अन् बंद केल्यावर निघून यायचं नाही. तिथंच थांबून बघायचं."

मग तुमचं दुखणं सुरू झालं. कॅन्सर हाडांत उतरला होता हे कळेपर्यंत उशीर झाला होता. मी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरी औषधांबद्दल मला सगळं माहीत आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. त्या चांगल्या होत्या, अण्णा, हे मला आजही म्हणायचं आहे. पहिल्यांदा गोळी लागू पडली तेव्हा तुमच्या कपाळावरच्या आठ्या जाताना मी पाहिल्या आहेत. पण गोळी वाढत गेली तसे तुम्ही कमी होत गेलात. झोप, उलटी, पोट गच्च, आणि डोळे उघडे असले तरी तुम्ही त्यांच्यामागे नसायचात. एकदा तुम्ही आईला म्हणालात, "दुखणं जातंय गं, पण जाताना मलाबी संगं घेऊन जातंय." मग तुम्ही संध्याकाळची गोळी लांबवायला लागलात. मी कॉलेजमधून यायचे, चप्पल काढतानाच आतून आईचा आवाज यायचा, "घ्या की आता, कामून हट्ट करायलात?" आणि तुमचा, दात आवळलेला, "पोरगी येऊ दे." मी येऊन बसायचे. आपण थोडा वेळ बोलायचो. तुमच्या हाताची मूठ पांघरुणाखाली मिटलेली असायची. तेवढा वेळ तुम्हाला किती महाग पडत होता हे मला दिसत होतं, आणि तरी मला तो हवा होता.

अशाच एका संध्याकाळी तुम्ही विचारलंत की आज काय शिकवलं. त्या दिवशी आम्हाला वर्गात नेमकं तेच शिकवलं होतं. मी तुम्हाला सांगितलं की दुखतं तेव्हा मेंदू आणि मणक्यातल्या नसा स्वतःच मॉर्फिनसारखं काहीतरी तयार करतात. बाहेरून दिलेलं मॉर्फिन ज्या कुलपाला लागतं त्याच कुलपाला ही घरची किल्ली लागते. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मग डोळे उघडलेत. "बनतंय तर जातं कुठं?"

मी म्हटलं, टिकत नाही. तिथेच एन्झाइम असतात, कात्र्यांसारखे. बनलं की लगेच त्याचे तुकडे करतात.

"म्हंजी लिकेज."

"तसंच म्हणा."

"मग हे बाहेरून कशाला भरायलेत?" तुम्ही गोळ्यांच्या पाकिटाकडे हनुवटी केलीत. "गळती बंद करा की."

मी सांगितलं की हे लोकांना सुचलेलं आहे, पुष्कळ वर्षांपूर्वी. लहान मुलांच्या जुलाबावर मेडिकलमध्ये एक पुडी मिळते, ती आतड्यात थोडंफार हेच करते. पण दुखण्यासाठी अजून नीट जमलेलं नाही. तुम्ही लगेच म्हणालात, "का जमलं नाही?" मला माहीत नव्हतं. पुस्तकात तो भाग दोन ओळींत संपला होता. तसं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "विचारून ठेव." मग आईने गोळी दिली. त्यानंतर आपलं त्या विषयावर बोलणं झालं नाही. तुम्ही विसरला असाल असं मला वाटत नाही. तुम्ही आठवणीने पुन्हा विचारण्याइतके जागे राहिला नाहीत, एवढंच.

मी विचारून ठेवलं, अण्णा. का जमत नव्हतं ते सांगते. कात्री एक नाही. एक बंद केली की दुसरी तेच काम करते. तुम्ही एकदा सांगितलं होतं की लाइनवरची एक गळती बंद केली की प्रेशर वाढतं आणि दुसरी जास्त जोराने फुसफुसते. अगदी तसंच. दोन्ही एकदम थांबवायला हव्यात. हे मी शोधलेलं नाही, जगात कितीतरी लोकांनी आधी दाखवलं आहे. पण दोन्ही कात्र्यांत अडकेल असा रेणू पोटातून जाऊन मणक्यापर्यंत आणि मेंदूपर्यंत शाबूत पोहोचायला हवा, आणि मी या लॅबमध्ये लागले तेव्हा आमचे रेणू वाटेतच मोडत होते. शिवाय या कात्र्या शरीरात दुसरी कामंही करतात. सगळीकडे, पूर्ण बंद केल्या तर रक्तदाब बिघडेल, कुठे सूज येईल. म्हणजे तुमचा पूजेच्या दिवशीचा व्हॉल्व्ह. मीटिंगमध्ये कोणी डोस एकदम वाढवू या म्हटलं की मला रंगावरचे ते फोड आठवायचे, आणि मी, जी एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, म्हणायचे की हळूहळू जाऊ आणि थांबून बघू. आमच्या विभागाच्या मॅडम एकदा म्हणाल्या, "तू बोलतेस तेव्हा एकच वाक्य बोलतेस." मी सांगितलं नाही ते कुणाचं आहे.

वर्षं गेली. रेणू बदलत गेले, माणसं सोडून गेली, वाकडच्या कंपन्यांत मोठ्या पगारावर गेली. या वर्षी मॅडमनी सांगितलं की वरून निरोप आहे, ही शेवटची बॅच. यात काही दिसलं नाही तर विषय बंद आणि आपण सगळे दुसऱ्या कामावर. या रेणूत आम्ही दोन्ही भाग एकमेकांना बांधून पाठवले होते. जोडीने असेपर्यंत ते मोडत नाहीत, आत पोहोचले की सुटतात आणि आपापली कात्री धरतात. कागदावर छान दिसत होतं. कागदावर आधीचेही छान दिसले होते.

आमच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये एक भाऊ आहेत, तळेगावहून रोज दुचाकीवर येतात. त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं, आणि हात इतका हलका की उंदीर त्यांच्या तळव्यावर झोपतात. ज्या उंदरांची नस आम्ही मुद्दाम दुखावलेली असते त्यांच्या पंजाला नायलॉनचा बारीक केस नुसता टेकवला तरी ते पाय झटकन मागे घेतात. तसं टेकवून बघायचं काम त्यांचं. कुठल्या पिंजऱ्याला काय दिलंय हे त्यांना सांगत नाहीत, मलाही माहीत नव्हतं. पिंजऱ्यांच्या खुणांची यादी फक्त शेजारच्या विभागातल्या एका मुलीकडे होती. मंगळवारी दुपारी ते बाहेर येऊन म्हणाले, "ताई, आत चला जरा. मला काहीतरी गडबड वाटतेय." मी घाबरून गेले. एका रांगेतले उंदीर केस टेकवताच पाय उचलत होते, नेहमीसारखे. दुसऱ्या रांगेतले पाय उचलत नव्हते, पण कोपऱ्यात थिजल्यासारखे बसले होते, डोळे अर्धे मिटलेले. ते दृश्य मी घरी पाहिलेलं होतं. तिसऱ्या रांगेत त्यांनी केस टेकवला, वाकेपर्यंत दाबला, आणि उंदराने पाय उचलला नाही. तो दाणा खात होता. दोन हातांत धरून, मिशा हलवत. पुढचाही तसाच, आणि त्याच्या पुढचा पिंजऱ्यात फेऱ्या मारत होता. "हे लोक नाश्ता करतायत राव," भाऊ म्हणाले. "ह्यांना काही झालेलंच नाही का? नस चुकली की काय आपली?"

नस चुकली नव्हती. ती मुलगी आली आणि तिने रांगा सांगितल्या. पहिली रांग नुसत्या पाण्याची. दुसरी मॉर्फिनची. तिसरी आपली. पण एक शंका राहिली होती, आणि ती तुम्हीही काढली असती. आराम पडला, पण आपल्याच कारणाने पडला कशावरून? त्यासाठी एक औषध असतं, जे मॉर्फिनचं कुलूप बंद करून टाकतं. ते दिल्यावर आराम टिकला तर तो दुसऱ्या कशाने आला, आपला सगळा विचार चुकला. आराम गेला तर तो शरीराने स्वतः बनवलेल्या त्या किल्लीचाच होता. बुधवारी सकाळी आम्ही ते तिसऱ्या रांगेला दिलं. सगळा विभाग काचेबाहेर उभा होता. भाऊंनी केस टेकवला आणि उंदराने पाय मागे घेतला. दुसऱ्याने घेतला. तिसऱ्याने घेतला. आणि अण्णा, एक बिचारा जीव दुखतंय म्हणून पाय ओढून घेतोय आणि बाहेर शिकलेली माणसं टाळ्या वाजवतायत, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मॅडमनी मला मिठी मारली. भाऊ आतून ओरडले, "ओ, हळू! माझी पोरं घाबरतायत!" आणि मग स्वतःच मास्क खाली ओढून हसायला लागले. थोड्या वेळाने त्या औषधाचा असर उतरला आणि आमच्या रांगेतले उंदीर पुन्हा दाण्यांकडे वळले.

विषय बंद होणार नाही. वरून फोन आला आहे. मला माहीत आहे की उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पुढे किती तपासण्या आहेत, त्यात हे अडकूही शकतं, आणि अडकलं नाही तरी कुणाच्या उशाशी ते पोहोचायला फार वर्षं लागतील. तरी जे बुधवारी दिसलं ते दिसलं. गळती बंद झाली, बाहेरून काही भरलं नाही, आणि तो जीव जागा राहिला.

काल घरी येऊन आईला सांगितलं. तिने भाकरी थापणं थांबवलं नाही. मग विचारलं, "म्हणजे तुझ्या अण्णांना हे असतं तर ते झोपले नसते?"

मी म्हटलं, बहुतेक नसते.

"जागे राहिले असते. दुखलं नसतं."

"हो."

तिने भाकरी तव्यावर टाकली. "मग माझं डोकं खाल्लं असतं त्यांनी," ती म्हणाली, "शेवटपर्यंत कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसर." आणि हसली, आणि पदराने डोळे पुसले, आणि मला म्हणाली, "ताटं घे. तुला उद्या गोड करते." आता स्वयंपाकघरातून वेलदोड्याचा वास येतो आहे.

हे पत्र कुठे टाकणार, म्हणून जवळच ठेवते आहे. पण एक गोष्ट राहिली. लोक विचारतात की या विषयात कशी आलीस, तर मी सांगते, वडिलांमुळे, आणि ते खरं आहे. पण बुधवारी काचेपाशी उभी असताना मला तुमची आठवण आली नाही. अजिबात नाही. आई, घर, ती संध्याकाळ, मिटलेली मूठ, काहीच नव्हतं. फक्त तो पंजा होता, आणि तो केस, आणि पंजा मागे येतो की नाही. तुम्ही आठवलात ते आज सकाळी. गॅसचा नवीन सिलिंडर लावला आणि तुमच्याच ब्रशने सवयीप्रमाणे जोडावर फेस लावला तेव्हा. आधी मला वाईट वाटलं, की ज्याच्यासाठी म्हणून सगळं केलं त्याच माणसाला मी नेमकी विसरले. मग फेसाकडे बघता बघता व्हॉल्व्हवरचा तो फुगा आठवला, आणि तुमचा चेहरा. आईचं आणि माझं तेव्हा म्हणणं असायचं की कामावर असताना यांना आपली आठवणच येत नाही. येत नसणारच, अण्णा. मला आता माहीत आहे तिथे किती छान असतं.